फौजदारी न्याय आणि कायद्यात मास्टर्स : एलएलएम, क्रिमिनॉलॉजी की फॉरेन्सिक?

केसडायरी

निकालांचा हंगाम आला की "क्रिमिनलमध्ये मास्टर्स करायचंय, कुठे करू?" हा प्रश्न हमखास येतो. दहा जण दहा उत्तरं देतात, कारण प्रश्नातच तीन वेगवेगळ्या पदव्यांची सरमिसळ झालेली असते: एलएलएम (कायद्यातली मास्टर्स), क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीचा सामाजिक अभ्यास) आणि फॉरेन्सिक (पुराव्याची वैज्ञानिक तपासणी). या धाग्यात महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याच्या बाजूने त्या वेगळ्या करू. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: कोर्टात उभं राहायचंय का? हो असेल तर एलएलबी आणि सनद (वकिलीचा परवाना) यांना पर्याय नाही. पदवीनंतर ३ वर्षं किंवा बारावीनंतर ५ वर्षं. एम.ए. क्रिमिनॉलॉजी, एम.एस्सी. फॉरेन्सिक किंवा परदेशातली 'लीगल स्टडीज'ची मास्टर्स, यातल्या कशानेही वकीलपत्र दाखल करता येत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. एलएलबी झालेल्याला फौजदारी वकिली करायला एलएलएम लागत नाही. सेशन्स कोर्टात उलटतपासणी घ्यायला जो हक्क एलएलबीवाल्याला आहे तोच एलएलएमवाल्याला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १८ प्रमाणे सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) व्हायला ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी अभियोक्त्याला १० वर्षांची. तिथे एलएलएमचा उल्लेखसुद्धा नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील पुरवणारी सरकारी संस्था) बचाव वकील योजनेतही (२०२२ ची एलएडीसी) पायऱ्या वकिलीच्या वर्षांवर आहेत: चीफला १०, डेप्युटीला ७, असिस्टंटला ० ते ३.

मग एलएलएम कशासाठी? अध्यापन, पीएच.डी., धोरण-संशोधन, आणि फौजदारी कायद्याचा नीट बसून केलेला अभ्यास. प्राध्यापकीला एलएलएममध्ये ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) हा साधारण रस्ता आहे. नेटमध्ये विधीचा कोड ५८, क्रिमिनॉलॉजीचा ६८, फॉरेन्सिक सायन्सचा ८२. तिन्ही वेगळे विषय आहेत. ज्यात मास्टर्स केलं त्याच विषयात नेट द्यायची असते, म्हणजे आज निवडलेली पदवी पुढच्या नोकरीचं दारही ठरवते.

क्रिमिनॉलॉजीचं क्षेत्र वेगळं: तुरुंग, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका), बालन्याय, पीडित-सहाय्य, संस्थात्मक काम. "क्रिमिनॉलॉजी केलं की सीआयडीत घेतात" हा समज डोक्यातून काढा. एमपीएससीच्या पीएसआय परीक्षेला कुठलीही पदवी चालते, आणि क्रिमिनॉलॉजीला तिथे जादा गुण नाहीत.

---

रानवारा

चांगला धागा. एलएलएमबद्दल थोडं खोलात.

एक वर्षाचं एलएलएम २०१३ पासून आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान २४ क्रेडिट. त्यात ३ अनिवार्य विषय (संशोधन पद्धती व विधी लेखन, तुलनात्मक सार्वजनिक कायदा, जागतिकीकरणातला कायदा आणि न्याय) प्रत्येकी ३ क्रेडिटचे, ६ ऐच्छिक प्रत्येकी २ चे, आणि उरलेला प्रबंध. हिशोब करा: फौजदारी म्हणून तुमच्या वाट्याला जे येतं ते फक्त ऐच्छिकांमधून आणि प्रबंधातून. म्हणून "तुमच्याकडे क्रिमिनल लॉ स्पेशलायझेशन आहे का" हा प्रश्न अपुरा आहे. "या वर्षी फौजदारीचे किती ऐच्छिक प्रत्यक्षात चालू आहेत आणि ते कोण शिकवतं" असं विचारा. माहितीपुस्तिकेत बारा विषय छापलेले असतात, पुरेशी मुलं आली नाहीत की त्यातले चारच चालतात.

दोन वर्षांचं एलएलएम आपल्याकडे मुंबई, पुणे वगैरे विद्यापीठांत आहे. फी राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या तुलनेत फारच कमी. वाचायला वेळ मिळतो, प्रबंधाला श्वास घेता येतो. प्रवेशाची पद्धत विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका, चालू वर्षाची सूचनाच वाचा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन. दिल्लीचं एनएलयू यात येत नाही, त्याची आयलेट ही परीक्षा वेगळी. क्लॅट आता डिसेंबरातच होते, म्हणजे जुलैत वर्गात बसायचं असेल तर परीक्षा आदल्या डिसेंबरात देऊन झालेली हवी. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात. निकालाची वाट बघत थांबणाऱ्यांचं एक वर्ष इथेच वाया जातं. पात्रता ५० टक्के, एससी-एसटीला ४५.

पेपर १२० प्रश्नांचा, १२० मिनिटांचा. बरोबरला १, चुकीला वजा ०.२५. प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले, आणि उतारे बहुधा निकालपत्रांतून घेतलेले. ज्यांचं लक्ष फक्त फौजदारीवर असतं ते इथेच अडकतात, कारण संविधानाचा वाटा मोठा आहे आणि विधिशास्त्र, प्रशासकीय कायदा, करार, अपकृत्य, कंपनी, कर, आंतरराष्ट्रीय कायदा सगळंच येतं. गाइडमधल्या सारांशावर भागत नाही. मूळ निकालाचे परिच्छेद वाचायची सवय हवी. उतारा वाचताना "इथे न्यायालय पक्षकाराचा युक्तिवाद सांगतंय की स्वतःचं मत" हे पटकन ओळखता आलं की निम्मं काम झालं. निम्मे चुकीचे पर्याय याच घोळावर रचलेले असतात.

---

लोकलमधला_तिसरा

नोकरी सोडता येणार नाही असं धरून विचारतो. ऑनलाइन किंवा दूरस्थ एलएलएम चालेल का? 'एक्झिक्युटिव्ह एलएलएम' अशा जाहिराती सतत दिसतात.

---

रानवारा

@लोकलमधला_तिसरा, जपून. बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिली आणि विधी शिक्षणाची नियामक संस्था) जून २०२५ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिलाय: त्यांच्या मंजुरीशिवाय चालणारे ऑनलाइन, दूरस्थ किंवा मिश्र पद्धतीचे एलएलएम, मग नाव 'एक्झिक्युटिव्ह' असो वा 'प्रोफेशनल', मान्य धरले जाणार नाहीत. स्वतःच्या ज्ञानासाठी करायचं तर करा. पण प्राध्यापकी, नेट, पीएच.डी. यातलं काही डोक्यात असेल तर त्या कागदाचा उपयोग नाही. संस्थेच्या फोनवरच्या "हो हो, मान्य आहे" ला किंमत शून्य. मंजुरीचं पत्र मागा आणि त्यावरचं शैक्षणिक वर्ष बघा.

नोकरी सांभाळून करायचंच असेल तर दोन वर्षांचं विद्यापीठाचं एलएलएम आणि सकाळ-संध्याकाळच्या तासिका असलेलं कॉलेज शोधा. हजेरीचा नियम मात्र तिथेही आहे.

---

सेतू_केंद्र

प्रवेश मार्कांवर कमी आणि दाखल्यांवर जास्त बुडतात, म्हणून थोडं कंटाळवाणं लिहितो.

राज्याची प्रवेशप्रक्रिया आणि केंद्राची प्रवेशप्रक्रिया यांना लागणारे कागद वेगळे आहेत. राज्याकडे मागास प्रवर्गातून जायचं तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, ओबीसी-व्हीजेएनटी वगैरेंना नॉन-क्रिमीलेअर, शिवाय अधिवास. जात वैधतेला जिल्हा समितीकडे वेळ लागतो, तेव्हा परीक्षेचा फॉर्म भरताच तो अर्ज टाका, निकालानंतर नको. नॉन-क्रिमीलेअर त्यावर लिहिलेल्या ३१ मार्चपर्यंतच वैध असतं, जुनं लावलं की छाननीत बाद.

केंद्रीय संस्थांना (सीयूईटी पीजी या केंद्रीय सामाईक प्रवेश परीक्षेतून घेणारी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, दिल्ली विद्यापीठ, बनारस वगैरे) ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि जात केंद्राच्या यादीत हवी. राज्याच्या यादीत असणारी जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. हे फॉर्म भरण्याआधी तपासा, कारण नंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही.

मराठा उमेदवारांसाठी: २०२४ च्या कायद्यातलं एसईबीसीचं १० टक्के आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्रीय संस्थेच्या फॉर्मवर तो रकाना शोधू नका, नाहीये. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि बाकी मालमत्तेच्या अटी बसत असतील तर केंद्रीय नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला हा मार्ग. तहसीलला अर्ज करताना 'केंद्र शासनासाठी' हे स्पष्ट लिहा. नाहीतर राज्याच्या नमुन्यातला दाखला हातात पडतो आणि परत पहिल्यापासून फेऱ्या.

आणि नाव. बारावीच्या, एलएलबीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव तीन तऱ्हेने असेल (आडनाव आधी, वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर बदललेलं) तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

---

न्यायाधीन

क्रिमिनॉलॉजीबद्दल. केसडायरींनी दोन ओळींत उरकलंय, पण हे क्षेत्र तेवढं लहान नाही.

मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटच्या समाजकार्य शाखेतला क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. कुठल्याही शाखेची पदवी चालते. आधी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा टिसनेट होती, २०२३ पासून सीयूईटी पीजी. हा मुळात समाजकार्याचा अभ्यासक्रम आहे हे नीट समजून घ्या. वर्गाइतकंच वजन फील्डवर्कला. तुरुंग, बालगृह, निरीक्षणगृह, पोलीस ठाण्यातले समुपदेशन कक्ष, विधी सेवा प्राधिकरण. याच संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि सुटलेल्या बंद्यांसोबत काम करतोय. गुन्हेगाराच्या मनाचा थरार शोधत येणाऱ्यांचा इथे पहिल्या सत्रातच विरस होतो. काम असतं ते जामीनदार शोधणं, घरच्यांचा पत्ता काढणं, रेशनकार्डाची झेरॉक्स मिळवणं, वकिलाची तारीख बंद्यापर्यंत पोचवणं.

कायद्याचं शिक्षण नसलं तरी चार कायदे पाठ हवेत: नागरिक सुरक्षा संहितेतला जामिनाचा भाग, १९५८ चा प्रोबेशन कायदा, २०१५ चा बालन्याय कायदा आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. शेवटच्यातलं कलम १२ वाचा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तुरुंगात निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.

नोकऱ्यांबद्दल खरं सांगायचं तर सरकारी कायम पदं कमी, कंत्राटी आणि प्रकल्पाची कामं जास्त. बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ता सदस्य म्हणून जायला आरोग्य, शिक्षण किंवा बालकल्याणातलं ७ वर्षांचं सक्रिय काम, नाहीतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला कार्यरत व्यावसायिक असणं लागतं. ते पद पदवी मिळताच हातात येणारं नाही.

---

फोंड्याचो

फॉरेन्सिकवाल्यांनाही थोडी जागा द्या. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ (एनएफएसयू) मूळचं गांधीनगरचं, २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि गोव्यात फोंड्याला त्याचं कॅम्पस आहे. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून. महाराष्ट्रात नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत.

मागणी का वाढणार ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे: ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना ही तरतूद लागू करायला ५ वर्षांपर्यंत मुदत आहे, म्हणून उद्याच भरती निघेल असं समजू नका.

एक सावधगिरी. कलिन्याच्या आणि बाकीच्या न्यायसहायक प्रयोगशाळांतली तांत्रिक पदं विज्ञान पदवीवाल्यांसाठी असतात. बी.ए. नंतर एम.ए. क्रिमिनॉलॉजी करून प्रयोगशाळेत जाता येत नाही. रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र यातलं काहीतरी पदवीला हवंच.

वकिलांसाठी यातला उपयोगी तुकडा म्हणजे डिजिटल पुरावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (नवा पुरावा कायदा) कलम ६३(४) खाली डिजिटल पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राला आता भाग 'अ' आणि भाग 'ब' आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला का ते ओळखायचा संकेतांक) लिहायची असते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या सवयीने एकच पान जोडणारे अजून भरपूर आहेत.

---

केसडायरी

@फोंड्याचो, बरं आठवण केलीत. नवे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू. न्याय संहितेची (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) कलमं ३५८, नागरिक सुरक्षा संहितेची ५३१, साक्ष अधिनियमाची १७०. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना दंड संहिताच लागते, म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन्ही आकडे चालणार. मास्टर्सला बसणाऱ्याने दोन रकान्यांचा तक्ता स्वतःच्या हाताने करावा: दंड संहितेतल्या ३०२ (खून) चं न्याय संहितेत १०३, ४२० (फसवणूक) चं ३१८(४), ३७९ (चोरी) चं ३०३(२), ४५७ (रात्रीची घरफोडी) चं ३३१(४). नेटवरून उतरवलेल्या तक्त्यात उपकलमं गाळलेली असतात, आणि शिक्षा बदललेली असते ती नेमकी उपकलमात.

---

आकडेमोड

प्रबंधाकडे वळूया, कारण बहुतेकांची गाडी तिथे रुतते.

पहिला घोळ एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकड्यांचा. त्यांचा वार्षिक अहवाल 'क्राइम इन इंडिया' प्रमुख-गुन्हा नियमाने चालतो: एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजणी सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदाच. खुनासोबत चोरी असेल तर ती चोरी चोरीच्या आकड्यात दिसत नाही. दुसरं, दोषसिद्धीचा दर. त्याचा छेद म्हणजे त्या वर्षी खटला पूर्ण झालेली प्रकरणं. त्या वर्षी नोंदलेले गुन्हे नव्हेत. "शंभर गुन्हे नोंदले, त्यातल्या पन्नासांत शिक्षा" असं वाक्य प्रबंधात दिसलं की परीक्षक तिथेच पेन्सिल ठेवतो. तिसरं, तुरुंगांचे आकडे ३१ डिसेंबर या एका दिवसाचे असतात. वर्षभराची सरासरी म्हणून ते वापरू नका. आणि नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, नोंदणी सोपी झाली तरी आकडा वाढतो.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर कायदा आणि कलमाप्रमाणे शोध घेता येतो, १६ अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) एकेक प्रकरण उघडतं. नमुना निवडताना एक लक्षात ठेवा: पोक्सो, बलात्कार या प्रकरणांत तपशील झाकलेले असतात, एफआयआरही संकेतस्थळावर टाकत नाहीत. पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि प्रबंधाला त्यातून सूट नाही. गावाचं नाव, शाळेचं नाव, नातं, यावरूनही ओळख पटते.

---

रानवारा

यात भर: एक वर्षाच्या एलएलएममध्ये तुरुंगात जाऊन मुलाखती घ्यायचा बेत करू नका. विद्यापीठाचं पत्र, पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाची परवानगी, मग अधीक्षकांची वेळ, यातच सत्र संपतं. निकालपत्रांवर आधारलेला विषय घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

महाराष्ट्रात दोन कायदे यासाठी उत्तम आहेत. संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका १९९९: कलम २३(१)(अ) खाली डीआयजी (पोलीस उपमहानिरीक्षक) दर्जाची पूर्वमान्यता, २३(२) खाली अपर महासंचालक दर्जाची मंजुरी, आणि 'सततचं बेकायदेशीर कृत्य' दाखवायला मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं. या तीन टप्प्यांपैकी कुठल्या टप्प्यावर आदेश टिकत नाही ते उच्च न्यायालयाच्या निकालांतून मोजता येतं. दुसरा १९८१ चा एमपीडीए, धोकादायक व्यक्तींना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा. स्थानबद्धता जास्तीत जास्त १२ महिने. रद्द होण्याची कारणं तीच तीच सापडतात: शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत लांबलेला काळ, इन-कॅमेरा (साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवून घेतलेल्या) जबाबांची धड पडताळणी नाही, कागदपत्रं बंद्याला समजणाऱ्या भाषेत दिली नाहीत. पाच वर्षांचे आदेश घेऊन तक्ता केला तरी ठोस प्रबंध होतो.

---

न्यायाधीन

दोन वर्षं हाताशी असतील तर मी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सुचवेन. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या न्यायाधीन (खटला अजून न संपलेल्या) बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की बंधपत्रावर सुटका, इतरांना निम्मा काळ काढल्यावर जामीन. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही. अर्ज अधीक्षकांनी स्वतः कोर्टात करायचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या बंद्यांनाही लागू केलं.

कागदावर सोपं. आता प्रत्यक्ष हिशोब करून बघा. साधी चोरी, न्याय संहितेचं ३०३(२), कमाल ३ वर्षं. एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष. घरातली चोरी, ३०५, कमाल ७ वर्षं, म्हणजे २ वर्षं ४ महिने. पण रात्रीच्या घरफोडीत पोलीस ३०५ सोबत ३३१(४) लावतात, आणि हेतू चोरीचा असेल तर तिथे कमाल १४ वर्षं. एक तृतीयांश एकदम ४ वर्षं ८ महिने. चोरलेली वस्तू तीच, माणूस तोच.

शिवाय पोटकलम (२): एकाहून जास्त गुन्हे किंवा अनेक प्रकरणं प्रलंबित असतील तर सुटका नाही. शब्दशः वाचलं तर एकाच एफआयआरमध्ये दोन कलमं लागलेला बंदीही या सवलतीला मुकतो. तसं वाचायचं का, हाच प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो.

तक्त्याचे रकाने: अटकेची तारीख, कलमं, कमाल शिक्षा, पात्र होण्याची तारीख, अधीक्षकांच्या अर्जाची तारीख, आदेशाची तारीख, प्रत्यक्ष सुटकेची तारीख. शेवटचे दोन रकाने विसरू नका. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले तिथेच सापडतात. आरोपीमुळे झालेला विलंब वजा करायचा असतो, त्यासाठी रोजनामा (कोर्टातली तारीखवार नोंद) बघावा लागतो. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीच्या याद्या हा दुसरा स्रोत.

---

लोकलमधला_तिसरा

साहित्यचोरीच्या तपासणीत कायद्याची कलमंच 'कॉपी' म्हणून दाखवतात. मग १० टक्क्यांच्या आत बसवायचं कसं?

---

आकडेमोड

यूजीसीचे २०१८ चे नियम वाचा. कायद्याचा मजकूर, संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे जुळणारे तुकडे मोजणीतून वगळायचे आहेत. ग्रंथालयातला माणूस सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर चालवतो आणि २८ टक्के दाखवतो. त्याला ही वगळणी लावून परत अहवाल मागा. १० पर्यंत काही नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून परत, ४० ते ६० मध्ये एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द.

कलमाचा मराठी सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिण्याच्या नादात 'करील' चं 'करू शकेल' करणारे महाभाग असतात. त्यापेक्षा कलम अवतरणात जसंच्या तसं ठेवा.

---

ओहायोकर

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत एम.एस. इन क्रिमिनल जस्टिस साधारण ३० ते ३६ क्रेडिट, निम्मा भर संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्रावर. प्रबंधाचा पर्याय घ्यायचा की कॅपस्टोनचा (प्रबंधाऐवजी शेवटचा प्रकल्प) हे प्रवेशाआधी ठरवा, पीएच.डी. करायची असेल तर प्रबंधच. दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. पोलीस आणि संघराज्याच्या तपास यंत्रणांच्या नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं. आणि क्रिमिनल जस्टिस सहसा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत बसत नाही, त्यामुळे ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) १२ महिन्यांतच संपतो. फॉरेन्सिकचे काही अभ्यासक्रम बसतात, आय-२० (विद्यापीठाकडून मिळणारा व्हिसासाठीचा कागद) वर छापलेला सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक) बघून घ्या. 'मास्टर ऑफ लीगल स्टडीज' ही वकिलेतरांची पदवी आहे, तिच्यावर बारची परीक्षा देता येत नाही.

ब्रिटनमध्ये एक वर्षात होतं. केंब्रिजची क्रिमिनॉलॉजीची संस्था १९५९ ची. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांचा, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच. खर्चाचं गणित त्यावर करा.

---

केसडायरी

न्यायाधीश व्हायचं म्हणून एलएलएम करणाऱ्यांसाठी. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मोजणी तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून होते, न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरतात. वकिलीचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचं पृष्ठांकन. पूर्णवेळ एलएलएमचं वर्ष या तिनात मोजलं जाईल असं गृहीत धरू नका. एमपीएससीची पूर्व १०० गुणांची, मुख्यचे दोन पेपर १०० चे, मुलाखत ५०. एलएलएमला वेगळे गुण नाहीत. म्हणून माझं मत: आधी सनद घ्या (३० जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५०, एससी-एसटीला १२५ पेक्षा जास्त मागता येत नाही), कोर्टात जा, एलएलएम नंतर.

---

रानवारा

इथे माझा मतभेद. अध्यापनात जायचं नक्की असेल तर तीन वर्षं थांबण्यात अर्थ नाही. नेट वर्षातून दोनदा होते, तीन तासांत १५० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत. एलएलएमच्या वर्षातच ती काढून मोकळं व्हावं.

---

लोकलमधला_तिसरा

शेवटचं. ४७९ साठी माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहायचा? "माहिती संकलित स्वरूपात नाही" असं उत्तर येऊ नये म्हणून.

---

न्यायाधीन

महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर. "का", "कारणे द्या", "अभिप्राय कळवा" असं विचारू नका, ती माहिती ठरत नाही. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळतात. संकलित आकड्यांऐवजी नोंदवहीची प्रत मागा. मसुदा असा:

"विषय : भा.ना.सु.सं. कलम ४७९ खालील अर्ज. कालावधी : १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५. आवश्यक माहिती : (१) कलम ४७९(३) अन्वये कारागृह अधीक्षकांनी न्यायालयांकडे पाठवलेल्या अर्जांच्या जावक नोंदवहीतील संबंधित पानांच्या छायाप्रती, बंद्यांची नावे व पत्ते झाकून. (२) सदर अर्जांवर प्राप्त न्यायालयीन आदेशांच्या आवक नोंदवहीतील पानांच्या छायाप्रती, वरीलप्रमाणे. (३) याच कालावधीतील न्यायाधीन बंदी आढावा समितीच्या बैठकांची इतिवृत्ते. माहिती व्यक्तिशः घेईन."

पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र 'ब' वर पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टँपसह. प्रत्येक तुरुंगाला अर्ज वेगळा पाठवा. मुख्यालयाला एकच पाठवलात तर तो सगळीकडे वर्ग होतो आणि उत्तरं वेगवेगळ्या नमुन्यांत, महिनाभर थेंबथेंब येत राहतात.